खेचराच्या डोक्यावरची टोपी

४ मार्च

भाऊजी,

तुमची खुशाली विचारण्याइतकं माझं मन मोठं नाही, तेव्हा ते सोडून देते. फोन तुम्ही उचलत नाही म्हणून हा कागद. पत्ता आपल्या शूटिंगला खेचर आणायचा त्या खेचरवाल्याने दिला. तुम्ही कुठल्याशा शाळेत पोरांना कवायत शिकवता म्हणाला. मला हसूच आलं. एका शिट्टीवर दहा माणसं हवेत उडवणारा फाइट मास्तर आता "एक दोन, एक दोन" करतोय. खेचरवाला आणखी काहीतरी सांगणार होता, पण तुमच्याबद्दल जास्त ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

कारण असं की आपल्या वस्तरेवाल्या पिक्चरचं आवाजाचं काम माझ्याकडे आलंय. हो, तोच पिक्चर. ह्यांच्या अपघातानंतर तो डब्यात गेला असंच सगळे धरून चालले होते. आता निर्मात्याला कुणी नवा भागीदार मिळालाय. वाळवंटातलं गाव आहे, घोडे आहेत, बंदुका आहेत, बंदुकीला हात न लावता टॉवेल आणि साबणाच्या ब्रशने गुंडांना लोळवणारा न्हावी आहे, लोकांना आणखी काय लागतं, असं तो म्हणतो. शूटिंगच्या वेळचा आवाज वाऱ्याने खाल्लाय. त्यामुळे ठोसे, लाथा, टापा, गुत्त्याच्या दाराची करकर, सगळं मला खोलीत बसून नव्याने करायचंय.

दिग्दर्शक स्वतः घरी आला होता. बूट बाहेर काढले, पलंगाशी उभा राहिला, ह्यांच्या पायांकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत राहिला. मला म्हणाला, "वहिनी, जमणार नसेल तर दुसरीकडे देतो." मी म्हटलं, द्या इकडेच. ह्यांच्या अंगाला दुसऱ्या कुणी आवाज लावलेला मला चालणार नाही.

मग त्याने विचारलं, तो शॉट ठेवायचा की काढायचा. हे सज्ज्यावरून पडतात तो. मी म्हटलं, काढा, जाळून टाका. आणि पलंगावरून हे म्हणाले, "ठेवायचा." एवढंच. दिग्दर्शक जो सुटला तो बूट हातात घेऊनच जिना उतरला.

तुम्हाला बोलवायला हे लिहीत नाही. येऊच नका. घरात तुमचा विषय निघाला की हे भिंतीकडे तोंड करतात. आता तेवढंच वळतं त्यांचं. शॉट राहिला आणि उद्या पोस्टरवर तुमचं नाव लागलं, तर तो पिक्चर कशावर उभा आहे हे तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवलं.

वहिनी


१२ मार्च

भाऊजी,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होते असं समजू नका.

काम सुरू झालंय. तुम्ही त्या खोलीत कधी आला नाहीत. शूटिंगवाल्यांना वाटतं की ठोसा मारला की आवाज होतोच. भिंतींना जुन्या रजया ठोकल्यात, जमिनीत एका कप्प्यात वाळू, एकात खडी, एकात फळ्या. पडद्यावर मुका पिक्चर चालतो आणि मी हेडफोन लावून त्याच्यासोबत नाचते. ओली चादर भरलेली चामड्याची पिशवी म्हणजे पोट. कडक गाजर म्हणजे नाकाचं हाड. गुत्त्याचं दार म्हणजे आमची जुनी इस्त्रीची घडवंची, तिच्याइतकं रडकं दार मला अजून भेटलेलं नाही. न्हावी गुंडाच्या अर्ध्या मिशा उडवतो त्याला मी दातांचा जुना ब्रश खरखरीत पॉलिश पेपरवर घासला. दिग्दर्शक खुर्चीतून घसरायचा बाकी होता.

रोजचं काम फोनमध्ये भरून घरी आणते आणि ह्यांना ऐकवते. डोळे मिटून ऐकतात. "हा पोटात बसलाय की पोत्यात?" "टापा चुकल्या, हा घोडा लंगडा आहे काय?" "ही लाथ मारणारा माणूस पोटभर जेवून आलाय, हलकी कर." डॉक्टरांना म्हणतात, मी आता आवाज खात्यात आहे. पाठीला दोन ठिकाणी जखमा झाल्यात, पडून पडून होतात त्या. मी कूस बदलते, पुसते, पावडर लावते. त्या वेळी हे मला शेजाऱ्यांच्या नकला करून दाखवतात, म्हणजे मी जखमेकडे बघताना तोंड वाकडं करू नये. एवढ्या बडबडीत तुमचं नाव मात्र कधी येत नाही.

येतं ते एकाच वाक्यात. कुणी बघायला आलं आणि विचारलं, झालं कसं हो, की ठरलेलं उत्तर: "मास्तर त्या दिवशी निजला नव्हता."

तुमच्या दोघांचा नियम साऱ्या लाइनीला ठाऊक आहे. ज्याने पाडायचं त्याने पडायच्या जागी आधी स्वतः निजून बघायचं. एकदा मास्तर निजला की ती जागा पक्की. नंतर कुणाचा नुसता धक्का लागला तरी "हललं!" म्हणून ओरडायचं, आणि मास्तरने पुन्हा निजायचं. हा नियम ह्यांनीच तुम्हाला शिकवला, पोटमाळ्यावरून गाद्यांवर उड्या मारायच्या वयात. पुढे तुम्ही मास्तर झालात आणि ते तुमच्या हाताखाली पडू लागले. धाकट्याच्या शिट्टीवर पडायला त्यांना जड जात नव्हतं असं नाही, पण तो विषय ते माझ्याजवळ कधी काढत नसत. तुमच्यावर विश्वास होता म्हणून डोळे मिटून पडायचे.

मग मला एक सांगा. त्या दिवशीच का निजला नाहीत? हे ज्या डोणीत पडणार होते तिच्यातलं पाणी गार होतं? की नवा शर्ट भिजला असता? मला खरंच जाणून घ्यायचंय. माझा नवरा कशापायी असा झाला ते कपड्याच्या नावानिशी कळू दे.

ते पडण्याचं रीळ मी शेवटी ठेवलंय.

वहिनी


२१ मार्च

भाऊजी,

आज ते रीळ बघितलं.

डोण मला आठवत होती, घोड्यांना पाणी पाजायची लाकडी, लांबट. तुम्ही लोकांनी तिच्यात फोम भरून वर प्लास्टिक टाकलं होतं आणि त्यावर चार बोटं पाणी, म्हणजे पडद्यावर भरलेली दिसावी. हे जाड्या गुंडाच्या वेषात, पोटाला उशी बांधून. न्हावी टॉवेलचा फटका मारणार, हे कठडा मोडून सज्ज्यावरून डोणीत पडणार, टोपी तारेवरून तरंगत खाली येणार आणि खेचराच्या डोक्यावर बसणार. एवढा सगळा खटाटोप त्या टोपीसाठी.

खेचराचा मूड धरायला दिग्दर्शकाने कॅमेरा आधीपासून चालू ठेवला होता. पिक्चरमध्ये हे येणार नाही, पण माझ्याकडे अख्खी फीत आली. तिच्यात पहिल्यांदा दिसता तुम्ही. डोणीतून बाहेर येताय. नखशिखांत ओले. शर्ट अंगाला चिकटलाय, केस पिळताय, अंगठा वर करून दाखवताय.

म्हणजे तुम्ही निजला होतात. मी हेडफोन काढून ठेवला. त्यात आवाज नव्हताच, तरी काढला.

पुढे दिग्दर्शक हातवारे करत येतो. मुका आहे, पण कळतं. खेचराचे कान डोणीच्या कडेमागे जातायत, टोपी बसलेली दिसणार कशी? उन्हं कलायला लागलीत, सगळ्यांची धावपळ. आणि तेवढ्यात हे येतात. जिन्याकडे जाता जाता कमरेने डोणीला एक धक्का देतात, घरात मी कपाटाचा खण बंद करते ना, तसा. डोण हातभर सरकते. खेचराचे कान मोकळे होतात. हे मागे वळून बघतात, स्वतःवरच खूश होऊन मान हलवतात, आणि वर निघून जातात.

तोंड उघडत नाहीत, भाऊजी. मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. ओठ मिटलेले आहेत.

मग ते पडतात. मनाशी त्यांनी हातभर डावीकडे उडी धरली असणार, पण अंगाने जुनीच जागा धरली. अर्धे डोणीत, अर्धे कडेवर. पाठ कडेवर.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही, पण तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू? मी हसले. पाठ मोडली त्याच क्षणी टोपी खाली आली, खेचराच्या दोन कानांत मापाने शिवल्यासारखी बसली, खेचराने मान वर केली आणि ते टोपी घालून शांतपणे चालू लागलं, ऑफिसला निघाल्यासारखं. मला खदाखदा हसू फुटलं. पडलेला माणूस कोण ते नंतर आठवलं. काचेपलीकडे यंत्रावर बसणाऱ्या माणसाने पिक्चर थांबवला आणि मान खाली घातली.

आवाज लावला नाही. उद्या लावीन म्हणून उठले. परतताना आपला समजून दुसऱ्याच इमारतीचा जिना चढले.

ह्यांना अजून काही बोललेले नाही.

वहिनी


२५ मार्च

भाऊजी,

विचारलं.

सकाळी अंग पुसताना विचारलं, म्हणजे कुणी मध्ये येणार नाही. म्हटलं, "मास्तर निजला होता. मी पाहिलंय."

म्हणाले, "फीत पूर्ण आली होय तुझ्याकडे."

"डोण तुम्ही सरकवलीत."

"हो."

"हललं का नाही म्हणालात?"

"उजेड चालला होता. तो पुन्हा निजणार, पुन्हा प्लास्टिक नीट करणार, तोवर ते खेचर उलटं तोंड करून उभं. आणि हातभर तर होतं." मग म्हणाले, "इतकी वर्षं पडतोय. हातभर मला धरता येईल असं वाटलं."

मी म्हटलं, "मग त्याच्यावर का ढकललंत? तो काम सोडून गेला. तोंड लपवून बसलाय कुठेतरी."

तर काय म्हणाले ऐका. "त्याची चूक असली तर मला कुणीतरी पाडलं. माझी असली तर मी नुसता पडलो. नुसता पडून असा आयुष्यभर लोळत राहणारा माणूस बघितलास कुठे? मला ते झेपत नाही. तू त्याला सांगायचं नाहीस."

मला राग यायला हवा होता. आलाही. ओलं फडकं बादलीत आपटलं तर अर्धं पाणी माझ्याच अंगावर उडालं. हे म्हणाले, "आवाज चांगला आला, तो वापर." आणि मग ते रडले. रडताना त्यांची छाती तेवढी हलते, खाली सगळं गप्प असतं. असं रडणं मी आजवर कुणाचं पाहिलेलं नाही आणि मला पुन्हा पाहायचं नाही.

न सांगण्याबद्दल मी मान हलवली. शब्द दिला नाही, नुसती मान हलवली, आणि आज जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला लिहितेय. मला काय म्हणायचं ते म्हणा.

मागच्या पत्रांत तुम्हाला शर्टावरून बोलले ते परत घेते. तुम्ही मोकळे आहात. तुमचा काहीएक दोष नव्हता. आता या.

लवकर या म्हणते ते उगाच नाही. परवापासून ताप आहे. डॉक्टर म्हणतात लघवीतून विष चढलंय, औषध बदलून बघू. "बघू" म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांना बघायला कुणी आलं की हे अजून तेच वाक्य म्हणतात, मास्तर निजला नव्हता, आणि माझ्याकडे नजर टाकतात. मी चहा करायला उठते. ह्या घरात खोटं बोलून त्यांना जायला लागू नये, एवढंच मला वाटतं. तुम्ही दारात उभे राहिलात तर ते वाक्य त्यांच्या तोंडून निघणार नाही.

वहिनी


३ एप्रिल

भाऊजी,

तुमचा काल स्टुडिओत फोन आला तेव्हा मला वाटलं, गाडीची वेळ सांगायला केलाय. मी वेडी.

"वहिनी, मला दिसलं होतं." कितीतरी वेळ तुम्ही एवढंच म्हणत होता. मग पुढचं सांगितलंत: दादाने डोण सरकवली ती मला दिसली होती. हललं म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण सकाळीच दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, मला शिकवू नकोस, तुला मी शिकवलंय. मला वाटलं, त्याने सरकवलीय म्हणजे त्याने ते हातभर धरलं असणार. मग मी ॲक्शन म्हणालो.

म्हणजे तुम्ही बघितलंत आणि "ॲक्शन" म्हणालात. मी फोन आपटला. तो यंत्रावरचा माणूस खोलीबाहेर निघून गेला. मी तशीच उभी राहिले आणि त्या दिवशी राहिलेला आवाज लावला. फळीवर कोपरं आपटत स्वतःच पडले, पाण्याच्या टबात, तीनदा. तिसरा बरा आला. दिग्दर्शकाला त्यावर स्प्रिंगचा गमतीचा आवाज हवा होता, तोही घातला. माझ्या हाताने घातला. आज सकाळी त्याने चार लोकांना तो भाग दाखवला. लोक हसले. टोपीला टाळ्या पडल्या.

संताप उतरायला मला घरापर्यंतचा रस्ता पुरला नाही. दोघे भाऊ. एकाने सरकवली आणि बोलला नाही, दुसऱ्याने पाहिली आणि बोलला नाही. एकजण दुसऱ्याच्या माथी मारून पलंगावर पडलाय, दुसरा ते निमूटपणे डोक्यावर घेऊन परगावी शिट्ट्या वाजवतोय. आणि दोघांचं सगळं ठाऊक असलेली मी मध्ये. मी तुमच्यात निरोप्याचं काम करायला ह्या घरात आले नव्हते.

म्हणून ह्यांना सांगून टाकलं. तुम्हाला न विचारता. ताप होता, पण शुद्धीवर होते. म्हटलं, "त्याला मी कळवलं. आणि त्याला आधीच माहीत होतं. त्याने बघितलं होतं."

मला वाटलं चिडतील. मान भिंतीकडे करतील. तसं काही नाही. टक लावून माझ्याकडे बघत राहिले.

"बघितलं होतं?"

"हो."

"आणि तरी ॲक्शन म्हणाला?"

"हो. म्हणाला, दादाने धरलं असणार."

तर हे हसायला लागले. हसताना खोकला, खोकताना हसू. "मेल्या," म्हणाले, "मेल्या, एवढा विश्वास? माझ्यावर?" मग हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही, नुसते डोळे वाहत होते. मी पुसले. पुन्हा आले. थोड्या वेळाने विचारलं, "इतके दिवस तो हे घेऊन बसलाय? एकटाच?" मी म्हटलं, हो. "आणि मी लोकांना सांगत होतो…"

नंतर म्हणाले, "बोलव त्याला."

मग शाळेत फोन लावला. शिपाई म्हणतो, मास्तर मैदानावर आहेत, निरोप देतो. तुमच्या निरोपांवर माझा भरवसा राहिलेला नाही. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, खेचरवाला तिकडे निघालाय, त्याच्या हाती देते. तो तुमच्यासमोर उभा राहून वाचायला लावील, मी त्याला तसं बजावलंय.

आता नीट वाचा. ताप उतरत नाही. डॉक्टर आता "बघू" सुद्धा म्हणत नाहीत. सकाळी थोडे शुद्धीवर असतात, दुपारनंतर काहीबाही बोलतात. सकाळच्या गाडीने निघालात तर भेटतील. शाळेच्या रजेची वाट बघू नका. काही आणू नका, त्यांना काही खाववत नाही. खोलीत औषधांचा वास येतो, तोंडावर रुमाल धरू नका, त्यांना लागतं ते. पाय चादरीखाली असतात, तिकडे बघावंसं वाटलं तर बघा, दिग्दर्शकासारखे छताकडे बघू नका. आधी शिव्या देतील. देऊ द्या. त्यांना धाकट्याला शिव्या देऊन कितीतरी दिवस झाले.

पण एक लक्षात ठेवा. माफी मागू नका. तुम्ही मागितलीत तर त्यांनाही मागावी लागेल, आणि भाऊजी, तेवढा दम आता त्यांच्यात उरलेला नाही.

वहिनी